फॉरमॅट मारण्याआधी: प्रोग्रॅमिंगचं सॉफ्टवेअर टाकताना आणि काढताना या चुका टाळा

कोल्हापुरात इंजिनिअरिंगचे प्रवेश उरकले, नवे लॅपटॉप घरात आले की थोड्याच दिवसांत एक तक्रार सुरू होते: "सर, पायथन टाकलंय, पण चालंना झालंय." आणि तिच्या पाठोपाठ: "दुकानात दाखवलं, ते म्हणतात फॉरमॅट मारायला लागतंय."

ही दुसरी गोष्ट मला मनापासून खटकते. फॉरमॅटने दुखणं कशाचं होतं ते कळतच नाही. प्रोजेक्ट, डेटाबेस, सेटिंग सगळं जातं आणि पुढच्या सेमिस्टरला तीच चूक पुन्हा होते. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक लॅपटॉपमध्ये नवं सॉफ्टवेअर बिघडलेलं नसतं. आधीचं अर्धवट काढलेलं असतं आणि त्याचं मागे राहिलेलं सामान नव्याला आडवं येतं. म्हणून या लेखात टाकण्यापेक्षा काढण्याबद्दल जास्त लिहितोय.

फोल्डर डिलीट मारलं म्हणजे सॉफ्टवेअर गेलं, असं नाही

सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. सी ड्राइव्हमध्ये जायचं, प्रोग्रॅम फाइल्स उघडायचं, नको ते फोल्डर निवडून डिलीट करायचं. पण सॉफ्टवेअर बसताना एका जागी बसत नाही. मुख्य फाइल्स प्रोग्रॅम फाइल्समध्ये, डेटा प्रोग्रॅम डेटा नावाच्या लपलेल्या फोल्डरमध्ये, तुमची सेटिंग अ‍ॅप डेटामध्ये, नोंदी रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगची नोंदवही), पत्ता पाथमध्ये (कमांड कुठे शोधायची त्या फोल्डरांची यादी) आणि काही वेळा मागे सतत चालणारी सर्व्हिस. फोल्डर उडवलं की यातलं फक्त पहिलं जातं. वर काढून टाकणारा प्रोग्रॅमही बऱ्याचदा त्याच फोल्डरमध्ये असतो, म्हणजे नीट काढायची वाटही बंद.

मायएसक्यूएल या डेटाबेसच्या सॉफ्टवेअरमध्ये हे सगळ्यात जास्त छळतं. कागलहून येणाऱ्या एका मुलीने रूटचा, म्हणजे मुख्य खात्याचा, पासवर्ड विसरली म्हणून मायएसक्यूएल काढलं आणि पुन्हा टाकायला घेतलं. सर्व्हर सुरू करायच्या पायरीवर गाडी अडली, लाल फुली. पुन्हा काढलं, पुन्हा टाकलं, पुन्हा तिथेच फुली. सर्व्हिसेसची यादी उघडली तर 'मायएसक्यूएल८०' नावाची जुनी सर्व्हिस तशीच बसलेली. सी ड्राइव्हवर लपलेल्या फाइल्स दाखवायला सांगितल्या, प्रोग्रॅम डेटामध्ये पाहिलं, तर मायएसक्यूएलचं फोल्डर जुन्या डेटासकट जागेवर. नवा सर्व्हर त्याच जुन्या डेटावर उभा राहू बघत होता आणि पासवर्ड तोच, विसरलेला.

हा डेटा मुद्दामच मागे ठेवला जातो. सॉफ्टवेअर काढताना कुणाचा डेटाबेस नकळत उडू नये, हाच त्यामागचा हेतू आहे. त्यामुळे तो काढायचा का, हे आपल्याला ठरवावं लागतं. त्याचा क्रम असा: डेटा हवा असेल तर आधी 'मायएसक्यूएल डंप' या कमांडने बॅकअप घ्या. सर्व्हिसेसमध्ये जाऊन सर्व्हिस थांबवा. मग सेटिंग्जमधल्या अ‍ॅप्समधून सॉफ्टवेअर रीतसर काढा. त्यानंतरच प्रोग्रॅम डेटामधलं फोल्डर हलवा. मी ते लगेच डिलीट करत नाही, डी ड्राइव्हवर नेऊन ठेवतो. सर्व्हिस तरीही यादीत दिसत असेल तर अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टमधून 'एससी डिलीट' आणि पुढे सर्व्हिसचं नेमकं नाव देऊन ती काढता येते. मग लॅपटॉप रिस्टार्ट करून नवं टाका. त्या मुलीचा डेटा कामाचा नव्हता, म्हणून या क्रमाने सगळं काढलं आणि मायएसक्यूएल पहिल्या फटक्यात बसलं.

एवढं करूनही सर्व्हर उठत नसेल तर पोर्ट, म्हणजे सर्व्हरच्या दाराचा नंबर, बघा. मायएसक्यूएलचं पोर्ट ३३०६, आणि एक्सअ‍ॅम्प या वेब सर्व्हरच्या संचातला डेटाबेसही तेच पोर्ट धरतो. कॉलेजात पीएचपीसाठी एक्सअ‍ॅम्प टाकलेलं असतं आणि डेटाबेसच्या (डीबीएमएस) प्रॅक्टिकलसाठी वेगळं मायएसक्यूएल. दोघांना एकाच वेळी एकच दार मिळत नाही. एकाला थांबवा नाहीतर एकाचं पोर्ट बदला.

पायथन: खाली एक चौकोन असतो

पायथनच्या इन्स्टॉलरच्या पहिल्याच पडद्यावर खालच्या बाजूला 'पाथमध्ये जोडा' असा चौकोन असतो. तो आपोआप टिक झालेला नसतो. मुलं वरचं मोठं बटण दाबून मोकळी होतात आणि नंतर कमांड प्रॉम्प्टवर पायथन लिहिलं की मायक्रोसॉफ्ट स्टोअर उघडतं. पायथन बसलेलं असतं, पण विंडोजला त्याचा पत्ता नसतो. स्टोअर का उघडतं? विंडोज १० आणि ११ मध्ये पायथन या नावाचा एक शॉर्टकट आधीपासूनच स्टोअरकडे वळवलेला असतो. अ‍ॅपच्या प्रगत सेटिंगमध्ये 'अ‍ॅप एक्झिक्युशन अलायसेस' म्हणून पान आहे, तिथे पायथनचे दोन्ही खटके बंद करा. मग तोच इन्स्टॉलर पुन्हा चालवून 'मॉडिफाय' निवडा आणि पुढच्या पानांवर पाथचा पर्याय टिक करा. काढून पुन्हा टाकायची गरज नाही.

यानंतर उघडी असलेली कमांड प्रॉम्प्टची खिडकी बंद करून नवी उघडा. व्हीएस कोड हा कोड लिहायचा एडिटरही पूर्ण बंद करून उघडा. जुन्या खिडकीला नवा पाथ कळत नाही, आणि 'केलं तरी होत नाही' म्हणणाऱ्या कितीतरी जणांचं काम इथेच अडलेलं असतं.

दुसरा त्रास एकापेक्षा जास्त पायथनचा. पायथनच्या पिप या साधनाने लायब्ररी (तयार कोडचा संच) टाकली, 'यशस्वी' असं आलं, आणि प्रोग्रॅम चालवला की मॉड्यूल सापडत नाही. लायब्ररी एका पायथनमध्ये गेलेली असते, प्रोग्रॅम दुसऱ्यात चालतो. 'व्हेअर पायथन' ही कमांड दिली की पाथमधली सगळी पायथन क्रमाने दिसतात. पिप थेट वापरण्याऐवजी 'पायथन, वजा एम, पिप' असं लिहायची सवय लावा, म्हणजे जे पायथन चालणार त्यातच लायब्ररी जाते. आणि प्रत्येक प्रोजेक्टला वेगळं व्हर्च्युअल एन्व्हायर्न्मेंट, म्हणजे लायब्ररींचा स्वतंत्र कप्पा, करा. मूळ पायथन काढलं की त्यावर बनवलेली अशी एन्व्हायर्न्मेंट्स चालत नाहीत, म्हणून काढण्याआधी 'पिप फ्रीझ'ने लायब्ररींची यादी एका फाइलमध्ये उतरवून घ्या.

पायथनचं फोल्डर आधीच डिलीट मारलं असेल आणि आता अ‍ॅप्सच्या यादीतून ते निघत नसेल, तर नेमक्या त्याच आवृत्तीचा इन्स्टॉलर उतरवा. तो चालवून आधी 'रिपेअर' करा, मग 'अनइन्स्टॉल'. गेलेल्या फाइल्स परत येतात आणि मग सगळं रीतसर निघतं.

पाथला हात लावताना

जावाच्या वेळी मुलं पाथ हाताने बदलतात आणि तिथे मोठा घोटाळा होतो. जुना पाथ सगळा पुसून त्या जागी फक्त जेडीकेचा (जावाच्या डेव्हलपमेंट किटचा) पत्ता लिहिलेले लॅपटॉप मी पाहिलेत. मग पिंगसारखी साधी कमांडही चालत नाही, कारण विंडोजचं सिस्टिम३२ पाथमधून गेलेलं असतं. ते परत जोडलं की कमांड्स परत येतात, फॉरमॅट लागत नाही. आणखी एक: 'सेटएक्स' ही कमांड १०२४ अक्षरांच्या पुढचा भाग कापून टाकते. इंटरनेटवर बघून सेटएक्सने पाथ बदलला आणि पाथ लांबलचक असला, तर शेवटचे पत्ते गुपचूप गायब होतात. त्यापेक्षा एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल्सच्या खिडकीत 'न्यू' दाबून एक ओळ वाढवा, आणि त्याआधी आहे तो पाथ नोटपॅडमध्ये कॉपी करून ठेवा.

'जावा होम' या व्हेरिएबलला जेडीकेच्या फोल्डरचा पत्ता द्यायचा, शेवटी बिन हे आतलं फोल्डर न लावता. बिनसकट पत्ता पाथमध्ये जातो. दोन्ही बरोबर असूनही जावा जुनीच आवृत्ती दाखवत असेल, तर पाथमध्ये वरच्या बाजूला ओरॅकलचं 'जावापाथ' नावाचं फोल्डर आहे का बघा. यादीत जे वर, ते आधी चालतं. जावा (प्रोग्रॅम चालवणारी) आणि जावासी (कंपाइल करणारी), दोन्ही कमांडची आवृत्ती वेगवेगळी विचारून पाहा. कंपाइल २१ ने होतंय आणि चालवायला १७ असेल तर क्लासची आवृत्ती चालत नाही अशी एरर येते. त्यातल्या आकड्यावरून कारण कळतं: ५२ म्हणजे जावा ८, ६१ म्हणजे १७, ६५ म्हणजे २१.

नाव मराठीत, आणि सी ड्राइव्ह भरलेला

लॅपटॉप नवा घेतल्यावर हौसेने युजरचं नाव देवनागरीत ठेवलं जातं, किंवा प्रोजेक्टचं फोल्डर. आपल्या भाषेत नाव ठेवावंसं वाटणं योग्यच आहे, पण विंडोजवर अँड्रॉइडचा बिल्ड (कोडपासून अ‍ॅप बनवणं) अशा पत्त्यावर अडतो. बिल्ड करणारं साधन ग्रेडल तशी सूचनाच देतं. नावात रिकामी जागा असली तरी काही जुनी साधनं गोंधळतात. आता खात्याचं नाव बदलून उपयोग नाही, कारण दिसणारं नाव बदलतं आणि युजर्समधलं फोल्डर तेच राहतं. नुसतं प्रोजेक्टचं फोल्डर मराठीत असेल तर ते हलवलं की झालं. खातंच मराठीत असेल तर छोट्या इंग्रजी नावाचं नवीन खातं काढून काम तिथून करणं सगळ्यात सोपं.

दुकानात लॅपटॉपचे सी, डी, ई असे भाग पाडून देतात आणि सी ला थोडीच जागा येते. अँड्रॉइड स्टुडिओ टाकला की ती भरते. मग जागा करायला कुणी विंडोज फोल्डरच्या आतलं 'इन्स्टॉलर' नावाचं लपलेलं फोल्डर रिकामं करतं, कारण ते मोठं दिसतं. कृपा करून हे करू नका. टाकलेली सॉफ्टवेअर दुरुस्त करायला, अपडेट करायला आणि काढायला लागणाऱ्या फाइल्स तिथेच असतात. त्या गेल्या की सॉफ्टवेअर निघतही नाही आणि वर नवं बसतही नाही. प्रोग्रॅम डेटामधल्या 'पॅकेज कॅश'चंही तेच. जागा हवी असेल तर पिपची कॅश (उतरवून साठवलेल्या फाइल्स), ग्रेडलची कॅश आणि न वापरलेले एम्युलेटर (कॉम्प्युटरवरचे नकली फोन) काढा. यातल्या कॅश लागतील तेव्हा परत उतरवता येतात.

तसंच अ‍ॅप्सच्या यादीत 'मायक्रोसॉफ्ट व्हिज्युअल सी प्लस प्लस' चार-पाच वेळा दिसतं म्हणून जादाची समजून काढू नका. वेगवेगळ्या वर्षांची ती वेगवेगळी पॅकेजेस आहेत. काढली की कुठलं तरी सॉफ्टवेअर उघडताना डीएलएल (सामायिक कोडची फाइल) मिळत नाही म्हणून अडतं. रजिस्ट्री साफ करून देणारी फुकटची साधनंही लांब ठेवा.

एररचा आकडा लिहून घ्या

"काहीतरी एरर आली" एवढ्यावर कुणालाच मदत करता येत नाही. १६१८ आला तर दुसरं इन्स्टॉलेशन चालू आहे, बहुतेक वेळा विंडोज अपडेट. थोडं थांबा. १६१२ म्हणजे मूळ इन्स्टॉलर फाइल सापडत नाही. १६०३ हा मोघम आकडा आहे, त्याला लॉग, म्हणजे इन्स्टॉलरने लिहिलेली नोंद, लागते. लॉग फाइलमध्ये 'रिटर्न व्हॅल्यू ३' शोधा, खरं कारण त्याच्या वरच्या काही ओळींत असतं. काढण्याच्या नोंदीच बिघडल्या असतील तर मायक्रोसॉफ्टचंच 'प्रोग्रॅम इन्स्टॉल अँड अनइन्स्टॉल ट्रबलशूटर' आहे, फुकट मिळतं, ते आधी चालवा.

आणि रिस्टार्ट म्हणजे रिस्टार्टच. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउन करून विंडोज पूर्ण बंद होत नाही, त्यामुळे अर्धवट राहिलेली कामं तशीच राहतात.

टर्बो सी या जुन्या कंपायलरबद्दल थोडक्यात: ते १६ बिटचं आहे, ६४ बिट विंडोजवर थेट चालत नाही, डॉसबॉक्स हा जुनं डॉस चालवून देणारा प्रोग्रॅम लागतो. हेडर फाइल सापडत नसेल तर ऑप्शन्समधल्या डिरेक्टरीजचा पत्ता दुरुस्त करा. कोडब्लॉक्स हा सी चा एडिटर घेताना नावात मिंगडब्ल्यू (कंपायलरचं नाव) असलेलीच फाइल उतरवा, नाहीतर कंपायलर येत नाही.

शिरोली, गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीतल्या मंडळींसाठी

कारखान्यातला पीएलसी (मशीन चालवणारा कंट्रोलर) प्रोग्रॅमिंगचा लॅपटॉप बिघडला तर नुकसान विद्यार्थ्यापेक्षा कितीतरी मोठं, मशीन बंद राहते. सीमेन्सचं टीआयए पोर्टल हे पीएलसीचं सॉफ्टवेअर टाकताना ते 'रिस्टार्ट करा' म्हणतं, केलं तरी पुन्हा तेच म्हणतं. रजिस्ट्रीत सेशन मॅनेजरखाली 'पेंडिंग फाइल रिनेम ऑपरेशन्स' ही नोंद शिल्लक असते, ती बघून इन्स्टॉलर अडतो. आधी रजिस्ट्रीतल्या त्या कीची (नोंदींच्या फोल्डरची) एक्स्पोर्ट प्रत घ्या, मग फक्त ती एकच नोंद काढा आणि रिस्टार्ट न करता इन्स्टॉलर चालवा.

पीएलसीची केबल लावली आणि लॅपटॉपवर तिचं पोर्ट दिसत नाही, तर डिव्हाइस मॅनेजर बघा. स्वस्तातल्या यूएसबी केबलमध्ये प्रोलिफिक या कंपनीची जुनी किंवा नकली चिप असते, आणि नवा ड्रायव्हर ती नाकारतो. तिथे '२०१२ पासून बंद' अशा अर्थाची ओळ दिसली तर सॉफ्टवेअर पुन्हा टाकून काही होणार नाही. केबल बदला.

आणि लायसन्स. टीआयएची लायसन्स की त्याच डिस्कवर लपलेल्या फोल्डरमध्ये असते. ऑटोमेशन लायसन्स मॅनेजरमधून ती आधी पेन ड्राइव्हवर किंवा दुसऱ्या कॉम्प्युटरवर हलवा, मगच लॅपटॉप कुणाच्या हातात द्या. न हलवता फॉरमॅट मारला तर पैसे देऊन घेतलेली कीसुद्धा डिस्कबरोबर पुसली जाते. प्रोजेक्ट नव्या आवृत्तीत उघडून अपग्रेड करायचा असेल तर जुन्या आवृत्तीतली प्रत वेगळी ठेवा, अपग्रेड झालेला प्रोजेक्ट जुन्यात उघडत नाही. जुनी आणि नवी आवृत्ती एकाच लॅपटॉपवर शेजारी शेजारी राहू शकतात, त्यामुळे नवी आली म्हणून जुनी घाईने काढायचं कारण नाही. ज्या मशीनवर जुन्या आवृत्तीतला प्रोग्रॅम चालतोय, ती मशीन चालू आहे तोवर ती आवृत्तीही राहू द्या.