‘वाढ आढळली नाही’ म्हणजे नेमके काय

संकटग्रस्त माकडांच्या एका बंदिवासातील टोळीत हगवण सुरू झाली, तेव्हा माकडांच्या विष्ठेतून जीवाणू वाढवून रोग ओळखण्याच्या या कामात मला जेमतेम काही महिने झाले होते. विष्ठेच्या पहिल्या नमुन्यांतून एकही रोगकारक जीवाणू वाढला नाही आणि मी तसा अहवाल दिला. पंधरवड्याने एक पिल्लू दगावले. शवविच्छेदनात मोठ्या आतड्याला व्रण दिसले आणि तिथून शिगेला फ्लेक्सनेरी हा हगवण लावणारा जीवाणू सहज वाढला. माझा अहवाल अजूनही माझ्या मनातून जात नाही.

शिगेला विष्ठेत फार काळ तग धरत नाही. विष्ठेतील इतर जीवाणू वाढत राहतात, आम्ल तयार करतात आणि त्या आम्लात शिगेला काही तासांत मरू लागतो. आम्ही सकाळी पिंजरे धुण्याआधी विष्ठा उचलत होतो, म्हणजे तिच्यातील बरीचशी रात्रीच पडलेली असे. ती कोरड्या डबीत भरून दुपारनंतर प्रयोगशाळेत पोहोचे. प्लेटवर, म्हणजे जीवाणू वाढवायच्या थाळीवर, इ. कोलाय या आतड्यातील नेहमीच्या जीवाणूच्या वसाहती मात्र भरघोस येत, त्यामुळे नमुना चांगलाच असणार अशी माझी समजूत झाली. भरगच्च प्लेट पाहून नमुना ताजा होता असे कधीही समजू नका. डोळ्यांदेखत पडलेली विष्ठा घ्या, रक्त किंवा चिकट आव असलेला भाग निवडा, जमिनीला टेकलेला भाग सोडा, आणि लगेच प्लेट करणे शक्य नसेल तर जागेवरच नमुना केरी-ब्लेअर माध्यमात (वाटेत जीवाणू जिवंत ठेवणाऱ्या माध्यमात) घालून थंड ठेवा. विष्ठा पडल्याची वेळ आणि ती माध्यमात घातल्याची वेळ, या दोन्ही वेळा लिहा. पुन्हा सांगते, दोन्ही लिहा. माझ्या नोंदवहीत फक्त दुसरी होती.

इतर जीवाणूंच्या तऱ्हा वेगळ्या आहेत. कॅम्पायलोबॅक्टरला सुमारे 5 टक्के ऑक्सिजन आणि 42 अंश तापमान देऊन 48 तास थांबावे लागते, तर यर्सिनिया 4 अंशांनाही वाढतो. सुरुवातीला हे सारे एकदम अंगावर येते, पण हात लवकर बसतो, याची खात्री बाळगा.

संवर्धन, म्हणजे प्लेटवर जीवाणू वाढवणे, टाळून थेट पीसीआर (जीवाणूचा डीएनए शोधणारी चाचणी) करण्याचा सोपा मार्ग तुम्हाला कोणीतरी नक्की सुचवेल. प्रयोगशाळेपासून दूर असलेल्या रानटी टोळ्यांसाठी पीसीआरवाचून अनेकदा गत्यंतर नसते, हे मला मान्य आहे. तरीही या चाचणीत शिगेलासाठी शोधले जाणारे आयपीएएच जनुक शिगेलाप्रमाणे आतड्याच्या पेशींत शिरणाऱ्या इ. कोलायमध्येही असते, पाला खाणाऱ्या माकडांच्या विष्ठेतील घटक अभिक्रिया रोखू शकतात, आणि कोणते प्रतिजैविक लागू पडेल हे ठरवायला जिवंत जीवाणूच हाती असावा लागतो. अंतर्गत नियंत्रण (अभिक्रिया रोखली गेली नाही ना, हे दाखवणारी त्याच नमुन्यातील पडताळणी) न ठेवता मिळालेल्या नकारात्मक निकालावर मी विश्वास ठेवत नाही.

मार्गदर्शक निवडताना ते स्वतः पिंजऱ्यापाशी जातात का, हे आधी पाहा. कोणते माकड कालपासून कोपऱ्यात बसून आहे, हे मला मार्गदर्शकांनी नव्हे, तर रोज खाणे देणाऱ्या कर्मचाऱ्यांनी सांगितले.

शिगेलाचे नैसर्गिक आश्रयस्थान माणूस आहे आणि संसर्गाला 10 ते 100 जीवाणूही पुरतात. बंदिवासातील माकडांना तो बहुधा आपल्याकडूनच मिळतो, आणि रानातील टोळीत तो सापडला तर माणसाशी संपर्क आला असावा, अशी शंका प्रथम घ्यावी. स्वतःचे पोट बिघडलेले असताना माकडांजवळ जाऊ नका. यात सवलत नाही. हातमोजे तुमच्याही रक्षणासाठी आहेत, कारण प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांनाही हा जीवाणू सोडत नाही.

वरवर निरोगी दिसणारी माकडे अधूनमधूनच जीवाणू बाहेर टाकतात, म्हणून वेगवेगळ्या दिवसांचे किमान तीन नमुने घ्या. त्या टोळीचे नमुने आम्ही पुन्हा घेतले, तेव्हा एका धडधाकट प्रौढ मादीचे पहिले दोन नमुने कोरे गेले आणि तिसऱ्यात शिगेला सापडला. तेव्हापासून मी अहवालात ‘शिगेला नाही’ असे लिहीत नाही; ‘विष्ठा पडल्यानंतर इतक्या तासांनी लावलेल्या या नमुन्यातून शिगेला वाढला नाही’ असे लिहिते, आणि ते वाचून पशुवैद्य पुढचा नमुना पाठवतात.