लेकरू बोलत नाही? शब्द मोजायच्या आधी ते बोट दाखवतं का ते पाहा

आपल्या इकडं लेकरू अडीच वर्षाचं झालं आणि बोलत नसलं की घरातलं उत्तर ठरलेलं असतं, "त्याचा बापही उशिराच बोलला, काहून घाई करता". मी अंगणवाडीत काम करते, हे वाक्य सतत कानावर येतं. राग येत नाही, कारण बोलणारी आजी त्या लेकरावर जीव टाकणारीच असते, पण या एका वाक्यापायी वर्ष-दीड वर्ष निघून जातं आणि लहान वयातलं तेच वर्ष सगळ्यात कामाचं असतं. म्हणून घरी काय पाहायचं, कुठं दाखवायचं आणि तोवर काय करायचं ते लिहितेय.

पहिलं म्हणजे लेकरू बोलायच्या आधी सांगायला लागतं. वर्षाच्या आसपास ते बडबड करतं, नाव घेतलं की वळतं, आणि साधारण १२ ते १४ महिन्यांत बोट दाखवायला लागतं. बोट दाखवायचे प्रकार दोन. एक म्हणजे "ते दे". दुसरं म्हणजे "ते पाय", म्हणजे ते पाहा, रस्त्यानं बैलजोडी गेली की बोट करतं आणि लगेच आईच्या तोंडाकडं पाहतं, तिनं पाहिलं का म्हणून. हे दुसरं बोट नीट पाहा, ते दिसत नसेल तर थांबू नका. ज्या लेकराला ऐकू येत नाही ते बोलत नाही पण इशारे करून, तोंडाकडं पाहून सगळं मागून घेतं. स्वमग्नता म्हणजे ऑटिझम असलेल्या बऱ्याच लेकरांमध्ये हे देणंघेणंच कमी असतं, तहान लागली तर आईचं मनगट धरून माठापाशी नेतात, तिचा हात ग्लासावर ठेवतात, पण तिच्याकडं पाहत नाहीत.

तान्ह्या पोळ्याला असंच एक पोरगं पाहिलं. बाकीची पोरं नंदी ओढत घरोघर बोजारा म्हणजे पोळ्याचा खाऊ-पैसा मागत होती आणि यानं आपला लाकडी बैल उलटा केला, डोळा अगदी चाकाजवळ नेला आणि एकच चाक फिरवत बसलं, डफडं जवळ आलं तसे दोन्ही कान दाबून किंचाळलं. लोक म्हणाले लाडावलंय. लाडावलेलं नव्हतं, तो आवाज त्याला सहन होत नव्हता.

आता अशी एखादी गोष्ट दिसली म्हणजे ऑटिझमच, असं घरी बसून ठरवू नका. पण १६ महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही, दोन वर्षांपर्यंत "पाणी दे" असे दोन शब्द जोडून नाही, नाव घेतलं तरी वळत नाही, तर दाखवायचंच. आणि आधी येत असलेले शब्द बंद झाले तर वय कितीही असो, त्याच आठवड्यात जा. गोंधळ असा होतो की यातली पुष्कळ लेकरं वेळेवर बसतात, चालतात, अंगानं चांगली असतात, म्हणून कोणाला शंकाच येत नाही. मान उशिरा धरणं, हातपाय ताठ किंवा एकदम सैल असणं हे वेगळं, ते सेरेब्रल पाल्सीचं, म्हणजे मेंदूला इजा होऊन अंगावरचा ताबा कमी असण्याचं, लक्षण असू शकतं. बौद्धिक अक्षमतेत बऱ्याचदा बसणं, बोलणं, समजणं सगळंच मागं राहतं. एका लेकरात दोन गोष्टी एकत्रही असतात, म्हणून तपासणी.

कुठं जायचं? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून सुरू आहे, त्याचं डॉक्टरांचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं, तारीख सेविकेला किंवा आशाताईला विचारून ठेवा आणि त्या दिवशी सोयाबीन सोंगणी असली, कापूस वेचणी असली तरी लेकरू घेऊन या. पथक चिठ्ठी देतं, ती घेऊन जिल्ह्याच्या डीईआयसी म्हणजे लेकरांवर लवकर उपचार सुरू करणाऱ्या सरकारी केंद्रात जा, तिथं अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांना पाहतात. पथक यायला वेळ असेल तर वाट पाहू नका, सरळ जिल्हा रुग्णालयात बालरोग विभागात जा. कानाची तपासणी आधी मागा. सोबत लसीकरणाचं माता-बाल कार्ड न्या, आणि मोबाईलवर घरचे दोनतीन छोटे व्हिडिओ काढून न्या, जेवतानाचा, खेळतानाचा, मागून नाव घेतल्यावरचा, कारण नवीन जागी लेकरू एकतर रडतं नाहीतर आईला चिकटून बसतं आणि डॉक्टरला दहा मिनिटांत खरं काही दिसत नाही. "मोठं झालं की बोलेल" म्हणून परत पाठवलं आणि तुमचं मन मानत नसेल तर दुसरीकडं दाखवा, संकोच करू नका.

नेमकं काय आहे ते कळेपर्यंत हातावर हात धरून बसायचं नाही, घरचं काम आजच सुरू होतं. मुरमुऱ्याचा डबा दिसेल पण हाताला लागणार नाही असा ठेवा, झाकण घट्ट. लेकरू तुमचा हात ओढेल, तेव्हा लगेच देऊ नका, खाली बसून त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर या आणि मनात पाचसहा आकडे मोजेपर्यंत थांबा. आवाज, नजर, बोट, काहीही केलं की "दे" म्हणून त्याच क्षणी मूठभर द्या. काहीच केलं नाही तर त्याचं बोट धरून डब्याकडं करा, "दे" म्हणा आणि द्या. रडवून ताणायचं नाही. दिवसातून पंधरावीस वेळा हे सहज होतं, वेगळा वेळ काढावा लागत नाही. बोली घरचीच ठेवा, वऱ्हाडी असो, गोंडी असो, कोलामी असो की गोरमाटी, दोन भाषांनी लेकरू बिघडत नाही. मोबाईल देऊन जेवण भरवणं कमी करा, त्यानं ऑटिझम होतो म्हणून नाही, तर तेवढा वेळ तुमच्या तोंडाकडं पाहायचा जातो म्हणून.

लेकरू खूप बिथरलं तर समजावत बसू नका, मारू तर नकाच, गर्दीतून आवाजातून बाजूला न्या आणि गप्प जवळ बसा. एक काळजी मात्र कडक घ्या. ऑटिझम असलेली बरीच लेकरं न सांगता निघून जातात, काहींना पाण्याकडं ओढ असते, तर विहिरीला जाळी किंवा झाकण, शर्टाच्या आत फोन नंबर शिवलेला, आणि फवारणीचं औषध कुलपात, कारण काही जण काहीही तोंडात घालतात.

लसीमुळं ऑटिझम होतो हे खोटं आहे. १९९८ मध्ये गोवराच्या लसीशी नातं जोडणारा एक लेख लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला होता, तो त्याच नियतकालिकानं २०१० मध्ये मागं घेतला, लस चुकवू नका. आईनं लक्ष दिलं नाही म्हणूनही होत नाही, सासूबाईंनी हे मनावर घ्यावं अशी माझी हात जोडून विनंती. बरं करणारं औषध नाही, झोपेसाठी किंवा झटक्यांसाठी औषध लागतं ते वेगळं. कोणी स्टेम सेलचं इंजेक्शन सांगून लाखात पैसे मागितले तर शेत गहाण टाकू नका, राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२ मध्येच ऑटिझमसाठी त्याची शिफारस नाही असं सांगितलंय. पैसा स्पीच थेरपीच्या, म्हणजे बोलणं शिकवणाऱ्या उपचाराच्या, येण्याजाण्यात घाला.

कागदाचं काम लवकर करा. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात ऑटिझम धरून २१ प्रकार आहेत, ४० टक्के किंवा त्याहून जास्तीचं प्रमाणपत्र मिळालं की बऱ्याच सवलतींचा रस्ता उघडतो, यूडीआयडी कार्डाचा, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राचा, अर्ज ऑनलाइन होतो, गावातल्या सेतू केंद्रावर भरून घ्या. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी असलेल्यांना निरामय नावाचा एक लाखापर्यंतचा आरोग्य विमाही आहे, तोही विचारा. शाळेला नाही म्हणता येत नाही, त्याच कायद्यानं ६ ते १८ वयापर्यंत जवळच्या शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, आणि तालुक्याच्या गटसाधन केंद्रातल्या विशेष शिक्षकाला भेटून घ्या. "आमच्याकडं अशी मुलं घेत नाही" असं कोणी तोंडी म्हटलं तर तेच लेखी द्या म्हणा, नाही दिलं तर गटशिक्षणाधिकाऱ्याकडं साध्या कागदावर अर्ज करा आणि आपल्या प्रतीवर शिक्का मारून पोच घ्या.