देवमासे, स्नॉर्केलिंग आणि विहिरीतले पोहणारे: बेटावर या चुका टाळा

यवतमाळकडच्या आमच्या गावातली सगळी पोट्टी पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलेली. त्यामुळे श्रीलंकेला जायचं ठरलं तेव्हा समुद्राची धास्ती कुणालाच नव्हती. तेच नडलं.

महिना आधी बघा. आपल्याला सवड मे महिन्यात: कापूस विकून झालेला, पेरणी लांब, शाळा बंद. पण दक्षिण किनाऱ्यावर मिरिसाला देवमासे बघायचे दिवस डिसेंबर ते एप्रिल. मेमध्ये तिकडे पाऊस लागतो, समुद्र खवळतो. उन्हाळ्यातच जायचं तर पूर्वेकडचं त्रिंकोमाली धरा. तिथे देवमासेही दिसतात आणि जवळच्या पिजन आयलंडवर स्नॉर्केलिंगही होतं, म्हणजे नळीने श्वास घेत, पाण्याखालचं बघत तरंगणं. पासपोर्ट लेकरांनाही वेगळा लागतो. आधार आणि शाळेच्या दाखल्यावरचं नाव जुळत नसेल तर आधी ते निस्तरा.

मिरिसाची बोट सकाळी साडेसहाच्या सुमारास सुटते. "उपाशी कसं जायचं बाप्पा," म्हणत आमच्या भाऊजींनी घरून नेलेला तिखट चिवडा वाटीभर हाणला. बंदर दिसेनासं व्हायच्या आत तो बाहेर! उलटीची गोळी उलटी सुरू झाल्यावर घेऊन काही होत नाही. निघायच्या अर्धा-एक तास आधी घ्यायची, लेकरांची डॉक्टरांना विचारून. पोटात दोन बिस्किटं पुरे. बसायचं खाली, बोटीच्या मधोमध, आणि नजर दूर क्षितिजावर. मोबाईलमध्ये डोकं घातलं की मळमळ आलीच.

देवमासा अख्खा दिसत नाही, हे पोरांना आधीच सांगून ठेवा. निळा देवमासा एसटीच्या जवळजवळ दोन गाड्यांएवढा लांब, पण दिसतो तो श्वासाचा उंच फवारा, मग करडी पाठ. शेपटी वर आली की समजा, साहेब खोल गेले. आता दहा-पंधरा मिनिटं वाट बघायची. त्याच्या मागे बोट पळवणाऱ्याला जास्तीचे पैसे देऊ नका.

स्नॉर्केलिंगला आमची खरी फजिती झाली. विहिरीत आपण दम धरून सूर मारतो. इथे उलट: तोंड पाण्यात, नळी दातांत आणि तोंडानेच सावकाश श्वास. दम धरायची सवय असलेला माणूस दोन मिनिटांत घाबरतो. मी घाबरलो. नळीत पाणी आलं तर डोकं वर न काढता जोरात फुंकायचं. हे घरच्या हौदात चार दिवस करून बघा, कुणीतरी जवळ उभं असताना. शेततळ्यात मात्र नाही. तिथल्या प्लास्टिकवरून पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही.

लाइफ जॅकेट घाला, पोहता येत असलं तरी. दमल्यावर प्रवाळावर उभे राहू नका. ते जिवंत असतं, पायही कापतात. आणि पंचेचाळीस डिग्रीची ऐट गावातच ठेवा. ओल्या पाठीला ऊन कळत नाही, रात्री कळतं. पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट घाला.

मास्क, म्हणजे डोळे आणि नाक झाकणारा काचेचा चष्मा, घेताना पट्टा न लावता तोंडावर दाबा आणि नाकाने श्वास ओढा. चिकटून राहिला तर तुमच्या मापाचा. काच धुरकट होत असेल तर आतून थुंकी चोळून विसळा. भाऊजींचा मास्क तरीही गळतच होता. कारण मिशी. व्हॅसलिन लावूनही भागेना, तेव्हा दुसऱ्या दिवशी त्यांनी ती उतरवली. गावात अजून कुणी विचारलं की ते देवमाशाचं नाव सांगतात.