गावाकडचं नेट दुरून सांभाळायचं असेल, तर आधी करून ठेवायची तयारी

आईबाबांच्या घरचं इंटरनेट फोनवरून सुरू करून देण्याचं निम्मं काम ते नीट चालू असतानाच उरकायचं असतं. गणपतीला किंवा दिवाळीला घरी जाल तेव्हा यासाठी तासभर काढा. नाहीतर ऐन वेळी "ती वायर", "कुठली वायर?", "अरे, ती काळी" यातच वीस मिनिटं जातात, आणि तिथे सगळ्याच वायरी काळ्या असतात. इथे फायबरची जोडणी धरली आहे, कारण तालुक्याच्या गावांतही आता बहुधा तीच असते.

पहिलं काम नावं ठेवण्याचं. काही घरांत एकच डबा असतो, काहींत दोन. ज्यात फायबरची बारीक वायर हिरव्या किंवा निळ्या चौकोनी टोकाने शिरते तो ओएनयू, आणि ज्यातून वायफाय पसरतं तो राउटर. हे शब्द घरच्यांना पाठ करायला लावू नका. ओएनयूवर मोठा १ लिहून चिकटवा, राउटरवर २. तेच आकडे त्यांच्या अ‍ॅडॉप्टरवर आणि बोर्डावरच्या बटणांवरही लावा. अ‍ॅडॉप्टरवरचा आकडा सगळ्यात महत्त्वाचा. सेट टॉप बॉक्स, राउटर आणि ओएनयू यांच्या पिना बऱ्याचदा एकाच मापाच्या असतात, पण एकाला १२ व्होल्ट लागतात तर दुसऱ्याला ९ किंवा ५. साफसफाईत अदलाबदल झाली तर कमी व्होल्टवर डबा सुरूच होत नाही किंवा दर दोन मिनिटांनी आपोआप बंद-चालू होतो. जास्त व्होल्ट गेले तर जळतो. अ‍ॅडॉप्टरवरची आउटपुटची ओळ, उदाहरणार्थ १२ व्होल्ट १ अँपिअर, वहीत उतरवून घ्या. नवा घ्यायची वेळ आली तर व्होल्ट तेवढेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतात.

दोन डबे असतील तर त्यांना जोडणाऱ्या लॅन केबलची दोन्ही टोकं आणि राउटरचं वॅन (WAN, बाहेरून नेट आत येण्याचं) हे भोक, तिन्हींवर एकाच रंगाची चिकटपट्टी लावा. पुसताना निघालेली केबल शेजारच्या लॅनच्या भोकात घुसवणं ही फार नेहमीची चूक आहे. तीही टक्कन बसते, दिवाही लागतो, फोनवर वायफायच्या सगळ्या काड्या दिसतात, आणि नेट मात्र नाही. चिकटपट्टी असली की "लाल टोक लाल भोकात आहे का?" एवढंच विचारावं लागतं.

मग फोटो. सगळं चालू असताना दोन्ही डब्यांचा समोरून एक, मागच्या वायरींचा एक, डब्याखालच्या स्टिकरचा एक आणि अ‍ॅडॉप्टरचा एक. समोरून दिवे दाखवणाऱ्या फोटोची छापील प्रत डब्याशेजारी भिंतीवर लावा. मग "दिवे कसे आहेत?" असं मोघम विचारायची गरज नाही. "फोटोत आहे आणि डब्यावर नाही, असं काही दिसतंय का?" हा प्रश्न सत्तरीतले बाबाही अचूक सोडवतात.

दिव्यांचा अर्थ मात्र तुम्हाला पाठ हवा. लॉस (डब्यावर LOS) हा दिवा एरवी विझलेला असतो. तो लाल पेटला किंवा लुकलुकला तर ओएनयूपर्यंत प्रकाशच पोचत नाही. फांदी पडून वायर तुटली, खोदकामात गेली, उंदराने कुरतडली, किंवा घरातच कपाट सरकवताना मुडपली. घरात ती कुठे दाबली गेली आहे का ते पाहायला सांगा, हिरवं टोक हळूच दाबून पूर्ण बसवायला सांगा. टोक निघालंच तर त्यात डोळा लावून बघायचं नाही, पुसायचंही नाही. आतला लेसर डोळ्यांना दिसत नाही. एवढं करूनही लॉस लाल राहिला, तर तुमच्याकडून होण्यासारखं काही उरत नाही, लाइनमनच हवा. त्या दिवशी आईला दहा वेळा रीस्टार्ट करायला लावू नका.

पॉनचा (डब्यावर PON) दिवा स्थिर असेल तर ओएनयू आणि ऑपरेटरकडचं यंत्र यांचं जुळलेलं आहे. तो लुकलुकतच राहिला आणि लॉस विझलेला असेल, तर प्रकाश येतोय पण नोंदणी होत नाही. डबा एकदा बंद-चालू करून पाच मिनिटं थांबा, तरीही तसंच असेल तर तक्रार. पॉन स्थिर, लॉस विझलेला आणि इंटरनेटचा दिवा बंद किंवा लाल, म्हणजे बहुतेक वेळा प्लॅन संपलेला असतो किंवा लॉगिन अडकलेलं असतं. काही कंपन्यांच्या डब्यावर ही अक्षरंच नसतात, एकच दिवा रंग बदलतो. तिथे भिंतीवरचा फोटोच कामी येतो.

रीस्टार्ट आणि रीसेट यांतला फरक समजावत बसण्यापेक्षा रीसेटच्या बारीक भोकावर जाड चिकटपट्टी मारा. ते टाचणीने दहा सेकंद दाबलं की डब्यातलं सगळं पुसलं जातं. गावातल्या केबलवाल्याकडून घेतलेल्या जोडणीत बऱ्याचदा पीपीपीओई नावाचं लॉगिन भरलेलं असतं. तेही जातं आणि पाच मिनिटांच्या बिघाडाचे दोन दिवस होतात. बंद-चालू करायचं ते बोर्डावरच्या बटणाने: दोन्ही बंद, एक मिनिट थांबायचं, आधी १ चालू, तीन मिनिटांनी २.

वहीचं एक पान यासाठी राखून ठेवा: ग्राहक क्रमांक, नोंदणीचा मोबाइल, प्लॅन संपण्याची तारीख, वायफायचं नाव आणि पासवर्ड, पीपीपीओईचं युजरनेम-पासवर्ड, तक्रारीचा नंबर, आणि जो खरोखर शिडी घेऊन येतो त्या लाइनमनचा नंबर. शेवटचा सगळ्यात मोलाचा. नोंदणीचा मोबाइल कुणाचा आहे तेही तपासा. जोडणी तुमच्या नावावर असेल तर ओटीपी तुमच्याकडे येतो आणि तक्रार नोंदवताना आई अडकून बसते. परदेशात असाल तर १८०० चे नंबर तिथून बहुधा लागत नाहीत, म्हणून फोन घरच्यांनी किंवा शेजारच्या काकांनी करायचा हे आधीच ठरवा. वेळेचंही गणित पाहा: हिवाळ्यात न्यू जर्सीत रात्रीचे साडेनऊ म्हणजे इथे दुसऱ्या दिवशीचे सकाळचे आठ, ऑफिस उघडायला अजून अवकाश असतो.

आता फोन. घरचं नेट बंद असताना व्हिडिओ कॉल मोबाइल डेटावरच होणार, तेव्हा आईबाबांपैकी एकाच्या तरी सिमवर डेटाचा पॅक चालू ठेवा. शिवाय घरात राहून वायफाय बंद करा आणि साधा कॉल लावून पाहा. कित्येक घरांत मोबाइलची रेंज जेमतेम असते आणि कॉल वायफायवरून होत असतात, ते कुणाच्या लक्षात येत नाही. नेट गेलं की फोनही जातो. रेंज फक्त ओटीवर मिळत असेल आणि डबा माजघरात असेल, तर व्हिडिओ कॉलचा बेत सोडा. त्यांनी दिव्यांचा फोटो काढून ओटीवर यायचं आणि तो पाठवायचा.

व्हॉट्सअ‍ॅपच्या व्हिडिओ कॉलमध्ये २०२३ पासून स्क्रीन दाखवता येते. फोनचं सेटिंग बघायला ती पुरते. एकदा सराव करून घ्या, आणि तेव्हा बँकेचं अ‍ॅप उघडायचं नाही हेही सांगा. एनीडेस्कसारखं, दुसऱ्याला आपला फोन दुरून बघू-चालवू देणारं अ‍ॅप आईबाबांच्या फोनवर कायमचं ठेवू नये असं आमचं स्पष्ट मत आहे. फेब्रुवारी २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने याच अ‍ॅपच्या आडून होणाऱ्या फसवणुकीबद्दल बँकांना सावध केलं होतं. "तुमचं नेट बंद होणार आहे, हे अ‍ॅप टाका" असा फोन तुमच्याखेरीज कुणाचाही आला तर ठेवून द्यायचा, आणि पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवायचं. हे दोन्ही त्याच पानावर ठळक लिहा.

विजेचं भारनियमन असेल तर डब्यांना लागतात तेवढ्याच व्होल्टचा (बहुधा १२) छोटा राउटर यूपीएस घ्या. दोन डब्यांसाठी दोन आउटपुट आहेत ना आणि दोघांची बेरीज त्याच्या अँपिअरमध्ये बसते ना, ते पाहा. पण वीज तासन्‌तास गेली की ऑपरेटरच्या टोकाचा बॅकअपही संपतो आणि घरचा यूपीएस चालू असूनही लॉस लाल होतो. तेव्हा वीज येईपर्यंत वाट पाहायची.

बिघाडाच्या दिवशी प्रश्नांचा क्रम ठरलेला ठेवा. बंद एकाच फोनवर की टीव्हीवरही? एकाच फोनवर असेल तर डब्याला हातच लावायचा नाही. प्लॅन कधी संपतो? दिवे फोटोसारखे आहेत का? शेजाऱ्यांचं चालू आहे का? मग एकदा बंद-चालू. तपासताना मोबाइल डेटा बंद करायला सांगा, नाहीतर फोन गुपचूप डेटावर जातो, "झालं चालू!" असं कळतं आणि संध्याकाळी टीव्ही पुन्हा कोरा.

नेट नुसतं संथ असेल तर वेगळं बघायचं. ५ गिगाहर्ट्झचं वायफाय वेगवान, पण दोन भिंतींपलीकडे टिकत नाही. मागच्या खोलीसाठी २.४ बरं, म्हणून दोघांना वेगळी नावं द्या. जास्त वेगाचा प्लॅन असूनही तो ९४-९५ एमबीपीएसवर अडत असेल, तर मधली केबल किंवा भोक शंभर एमबीपीएसचंच आहे. डबा शोकेसमध्ये क्रोशाच्या रुमालाखाली असेल तर आधी तो रुमाल काढा.

घरी असतानाच ओएनयूच्या पानावर, म्हणजे ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ किंवा स्टिकरवर असेल त्या पत्त्यावर, आरएक्स पॉवरचा (Rx Power, डब्यापर्यंत पोचणाऱ्या प्रकाशाची ताकद) आकडा पाहून वहीत लिहा. तो उणे १५ ते उणे २५ डीबीएमच्या दरम्यान असतो, आणि उणे २७ च्या खाली बहुतेक डबे तग धरत नाहीत. लाइनमनने तुटलेल्या वायरीला जॉइंट मारल्यावर, तो घरातून निघण्याआधी, त्याच्याकडून हा आकडा आईला विचारून घ्यायला सांगा. आधी उणे १९ असलेला आता उणे २६ झाला असेल, तर नेट चालू दिसलं तरी जॉइंट कच्चा आहे. तो तेव्हाच पुन्हा मारून घ्यायचा.