न्हाणी नेमकी कुठं? चित्रपट्टीतल्या घराचा नकाशा काढताना

"काय व ताई, तुमचं न्हाणी फिरतंय का? मागं दारापाशी होतं, आता चुलीपाशी आलं की." शेजारच्या अक्का विड्या वळता वळता म्हणाल्या. सुपात तंबाखू आणि सुपाशेजारी आमचं साप्ताहिक, माझी चित्रपट्टी (कॉमिक स्ट्रिप) वर करून ठेवलेलं.

मी आयटीआयमधून आरेखक झालेली. एकवीस वर्षं सोलापुरात लोकांच्या घरांचे नकाशे काढतेय. आणि माझ्याच चित्रपट्टीतल्या घराची न्हाणी फिरत होती! आठवड्याला एक, तीन चौकटींची पट्टी. तोवर ४३ झाल्या होत्या, आणि एकदाही घराचा नकाशा काढला नव्हता. ज्यांनी पट्टी नुकतीच सुरू केली आहे किंवा करायची म्हणतायत, त्यांनी माझ्यासारखं करू नये म्हणून हे लिहितेय. आणि ज्यांच्या पाच-पन्नास पट्ट्या होऊन गेल्या, त्यांनी नवं घर बांधायला घेऊ नये. आहे त्यातलंच शोधून काढावं.

सगळ्या पट्ट्या फरशीवर मांडा, क्रमाने आकडे टाका. चौकोनांची वही घ्या, एक चौकोन म्हणजे एक फूट. प्रत्येक पट्टीतून चारच गोष्टी टिपा: दार कुठल्या हाताला, उजेड कुठून, खिडकीतून काय दिसतं, कोण कुठं बसलंय. कोनाड्यातली समई, खुंटीवरची पिशवी वगैरे टिपत बसलात तर दिवाळी येईल.

मापासाठी नेहमीच्या वस्तूंना कामाला लावा. गॅसची टाकी साधारण दोन फूट उंच. पाण्याचा दोनशे लिटरचा बॅरल तीन फुटांच्या जवळपास. आमच्याकडे सगळ्यात उपयोगी शहाबादी फरशी, दोन बाय दोनची. ओसरीत किती फरश्या दिसतात ते मोजलं की रुंदी हातात. माझ्या १४व्या पट्टीत पाच फरश्या होत्या, ३३व्या पट्टीत आठ. म्हणजे ओसरी एकदा दहा फूट, एकदा सोळा. खरं कुठलं मानायचं?

इथं मी जो नियम धरला, तोच या सगळ्या खटाटोपातला मुख्य. ज्या भिंतीवर विनोद उभा आहे ती हलवायची नाही. बाकीच्या खुशाल हलवा. १४व्या पट्टीत लग्नाचे पाहुणे झोपायला आलेत आणि ओसरीत दोनच चादरी मावतात, मग मामा उंबऱ्यावर आडवे. आमच्या घरची चादर पाच बाय साडेसात फूट. दोन चादरी शेजारी शेजारी म्हणजे दहा फूट, म्हणजे बरोबर पाच फरश्या. सोळा फुटांत मामा आरामात झोपले असते आणि पट्टीच झाली नसती. ३३व्या पट्टीत मात्र आजी नुसती शेंगा सोलत बसलीय. तिथल्या आठ फरश्या म्हणजे माझा आळस. आठवर काट मारली.

न्हाणीचंही तसंच सुटलं. ९व्या पट्टीत काका पंचा लावून न्हाणीत अडकलेत, कारण बाहेर दारात व्याही येऊन उभे. ती न्हाणी दारापाशीच हवी. २६व्या पट्टीत चुलीशेजारी बादली, तांब्या आणि पाण्याची धार होती, एवढंच. मी वहीत लिहिलं: ही न्हाणी नव्हे, स्वयंपाकघरातली मोरी. अक्कांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग मोरीत कुणी साबण ठेवतंय व?" साबण होता खरा. पण एका साबणासाठी मी व्याह्यांना परत पाठवणार नव्हते.

आता धंद्यातली खोड सांगते, कारण तिच्यापायी माझे दोन रविवार गेले. पहिल्या झटक्यात मी व्यवस्थित नकाशा काढला. प्रत्येकाला खोली, बोळ, वारा खेळता. कार्यालयात दाखवला असता तर शाबासकी मिळाली असती. पट्टीला काडीचा उपयोग नाही. कुणी कुणाच्या आडवंच येईना! चित्रपट्टीतलं घर गैरसोयीचं असावं लागतं. स्वयंपाकघरात जायचं तर आजीच्या पायावरून जायला हवं, न्हाणीचं दार उघडलं की सायकलला लागायला हवं. मग जुन्या माळवदाच्या, म्हणजे सपाट मातीच्या छताच्या, घरांकडे वळले. ढेलज (दारालगतची जागा), उघडा चौक, ओसरी, आत स्वयंपाकघर, सगळं एका ओळीत. मापं खणांत, दोन खांबांमधलं अंतर म्हणजे एक खण. माझ्या माहेरी खण सव्वापाच फुटांचा होता, तोच घेतला.

एका ओळीतल्या घराचा आणखी एक फायदा आहे, आणि तो मला फार उशिरा कळला. आपण डावीकडून उजवीकडे वाचतो. चौकटीत जो डावीकडे, त्याचा फुगा, म्हणजे त्याचं बोलणं, आधी वाचलं जातं. म्हणजे रस्त्याचं दार डावीकडे ठेवलं तर बाहेरून येणारा आपोआप आधी बोलतो, आणि उजव्या टोकाला जो बसलाय त्याचा शब्द शेवटचा. म्हणून आजीला मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी बसवली. सून बाहेरून येते, पोरगं चौकातून ओरडतं, आजी शेवटी एक वाक्य टाकते. हा नकाशा नसताना मी आजीला कुठंही बसवत होते, आणि तिचं वाक्य शेवटी यावं म्हणून फुग्यांच्या शेपट्या एकमेकींत गुंतवत होते. ती पट्टी पाहिली की अजून लाज वाटते.

यासाठी घराची पुढची भिंत कापून टाका, भातुकलीच्या घरासारखी, आणि कायम त्याच बाजूने बघा. पलीकडे जाऊन बघितलंत की दार उजवीकडे जातं आणि वाचक गोंधळतो. नजरेची उंचीही एकच धरा. चार्ल्स शुल्झ यांच्या 'पीनट्स'मध्ये, म्हणजे १९५० ते २००० इतकी वर्षं, मोठी माणसं जवळजवळ दिसतच नाहीत. सगळं जग पोरांच्या उंचीचं. मी बसलेल्या आजीची उंची धरली, अडीच फूट. चौकटीचा वरचा तिसरा हिस्सा फुग्यांना लागतो, त्यामुळे माळवदाच्या तुळया दाखवायच्या भानगडीत पडत नाही.

मग दिशा ठरवा. मी दक्षिणेकडून उत्तरेला बघते, म्हणजे डावीकडे पश्चिम. चहाच्या वेळचं ऊन दारातून येणार, सकाळचं उजवीकडून चुलीवर. दुपारी उजेडासाठी माळवदाला सवणं, म्हणजे छतातलं भोक, आहे, त्यातून उन्हाचा ठोकळा ओसरीत पडतो. पण सावल्यांना फसू नका. सोलापूर कर्कवृत्ताच्या बऱ्याच खाली. मेच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो, खांबाची सावली खांबाच्याच पायाखाली. तिथून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत तो दुपारी किंचित उत्तरेला असतो, म्हणजे माझ्या चौकटीत सावली वाचकाकडे येते. जानेवारीत ती मागच्या भिंतीकडे लांब पडते. हे कुणी तपासत नाही म्हणा. अक्का तपासतात.

घराबाहेरचं गाव थोडक्यात उरकलं तरी चालतं. आर. के. नारायण यांनी १९३५ साली मालगुडी वसवलं, तेव्हा जिल्ह्याची मोजणी करून दिली नव्हती. एक सरयू नदी, मेंपीचे डोंगर, कबीर रस्ता, अशी मोजकी ठिकाणं, पण पुन्हा पुन्हा तीच. खऱ्या शहरात खोटी गल्ली घालायची असेल तर नाव असं ठेवा की ऐकणाऱ्याला 'असेल बुवा' वाटेल. आपल्याकडे साखर पेठ आहे, मी गूळ पेठ केली. दोघांनी मला येऊन सांगितलं, आम्ही रिक्षावाल्याला विचारून बघितलं.

खऱ्या खुणा मात्र लांब ठेवा, क्षितिजावर. गिरणीची चिमणी, किल्ल्याचा बुरूज. १८७७ साली जुनी मिल उभी राहिली, तिथून हे गिरण्यांचं गाव. आता भोंगा वाजत नाही, पण माझ्या चुलीच्या खिडकीतून चिमणी दिसते आणि ती चार पट्ट्यांत दिसली आहे, त्यामुळे तिथं कडुनिंब काढता येत नाही. कडुनिंब दोनदा काढला होता. त्याच्यासाठी ओसरीला दुसरी खिडकी पाडली. आवाजही नकाशात येतो. उजवीकडच्या भिंतीपलीकडे यंत्रमाग आहे, त्यामुळे स्वयंपाकघरात सगळे ओरडून बोलतात आणि तिथली अक्षरं मोठी.

गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेच्या, वेळी एक पथ्य पाळा. नंदीध्वजांची मिरवणूक कुठून जाते हे सोलापुरात लहान पोरालाही पाठ. ती गूळ पेठेतून नेलीत तर पत्रं येतील. माझी आजी बाराबंदीतल्या नातवाला घेऊन स्वतः बघायला जाते, आणि त्या आठवड्याला घर कुलूपबंद. एक पट्टी अशीच, नुसतं बंद दार आणि आतून मांजर.

सगळं जमलं की स्वच्छ नकाशा काढून टेबलासमोर चिकटवा, पण पेन्सिलीत. सायकल, बॅरल, आजी, मांजर यांचे कागदी तुकडे कापून त्यावर सरकवून बघा. पट्टी सुचत नसेल तेव्हा मी बॅरल हलवते. आमच्याकडे पाणी रोज येत नाही, त्यामुळे पाण्याच्या दिवशी बॅरल, घागरी, कळश्या सगळं दारात येतं आणि घरातल्या पाच माणसांचा रस्ता बंद होतो. त्या एका अडथळ्यावर माझ्या सहा पट्ट्या निघाल्या.

नकाशा पुरा झाल्यावर मी तो अक्कांना नेऊन दाखवला. त्यांनी हात पुसले, कागद उजेडाकडे धरला, बोटाने ढेलजेतून चौक, चौकातून ओसरी, स्वयंपाकघर, मोरी असं फिरून पुन्हा दारापाशी आल्या.

"समदं बरोबर हाय. पण ताई, ४३ आठवडे झाले, हे लोक संडासला कुठं जातेत?"

मी नकाशा परत घेतला. चौकाच्या कोपऱ्यात तीन बाय चारची जागा होती, सायकलच्या मागे. आता न्हाणीचं दार उघडलं की सायकलला लागतं, आणि सायकल हलवली की संडासचं दार उघडत नाही. ४४वी पट्टी तीच.