पिल्लासोबतची हंपबॅक मादी पाहायची तर

हंपबॅक देवमाशांचा विणीचा हंगाम आपल्या शाळांच्या सुट्टीशी जुळत नाही. मे महिन्यात हवाईचे देवमासे बहुतेक अलास्काकडे निघून गेलेले असतात आणि टोंगा-मादागास्करचे अंटार्क्टिकाकडून पोचायचे असतात. म्हणून कोल्हापुरातून हवाईला जायचं तर जानेवारी ते मार्च. टोंगा किंवा मादागास्करला गौरी-गणपतीच्या आसपास.

दुर्बीण ७×५० (सातपट मोठं दाखवणारी, ५० मिमी भिंगाची) घ्या. जास्त ताकदीची घेतली तर हलत्या बोटीवर चित्र थरथरतं. सराव रंकाळ्यावर करा. पाणकावळ्याने बुडी मारली की दुर्बीण खाली, नुसत्या डोळ्यांनी पाणी न्याहाळा. तो वर आला की नजर न हलवता दुर्बीण डोळ्यांवर आणा. समुद्रात हेच करायचं आहे. दुर्बिणीतूनच शोधत बसलं की देवमाशाच्या श्वासाचा फवारा हुकतो आणि मळमळतं.

बोट लागत असेल तर डॉक्टरांना विचारून तासभर आधी गोळी घ्या, कोरडी भाकरी किंवा दोन बिस्किटं खा, बोटीच्या मध्यावर बसा. फेरी सकाळचीच धरा. वारा वाढून लाटांना फेस आला की त्यात तीनेक मीटरचा झुबकेदार फवारा ओळखता येत नाही.

खरं काम घड्याळाचं. पिल्लू दर ३ ते ५ मिनिटांनी श्वासाला वर येतं, आराम करणारी आई मात्र १० ते १५ मिनिटं खाली राहू शकते. एकटं पिल्लू दिसलं म्हणजे ते चुकलेलं नसतं. आई बहुधा खालीच असते. शेपटीच्या फटक्याने पाण्यावर तेलासारखा गुळगुळीत गोल उमटतो, त्यावरून ती कुठून गेली ते कळतं. बोट तिच्या वाटेत आडवी घालायची नाही, पाठलागही नाही. हवाईत कायद्यानेच ९० मीटरच्या आत जाता येत नाही.

बोट ठरवताना पाण्यात सोडायचा मायक्रोफोन आहे का, ते नक्की विचारा. गातो तो नर, आणि तो बराच वेळ पाण्याखाली जवळजवळ स्थिर असतो. वरून काहीच दिसत नसताना त्याचं गाणं ऐकू येतं.

आई सारखी दिशा बदलू लागली, पिल्लाला बोटीच्या विरुद्ध बाजूला घेऊ लागली, तर लगेच बोट लांब घ्यायला सांगा. विणीच्या या पाण्यात ती जवळजवळ काहीच खात नाही. अंगातल्या चरबीवर स्वतः जगते, पिल्लाला दूध पाजते आणि त्यावरच हजारो किलोमीटर परत पोहते.