कोकणच्या पावसात सागाचा डेक टिकवायचा तर

आमच्या घरामागे, खळं संपून माडाची बाग सुरू होते तिथे, सोळा बाय दहा फुटांचा सागवानी डेक आहे, म्हणजे उघड्यावर बसायला फळ्यांचा ओटा. गाव वेंगुर्ल्याजवळ, समुद्र एका शेताच्या अंतरावर. हा डेक २०१६ चा. त्याच जागी २०१२ साली केलेला पहिला डेक तिसऱ्या पावसात गेला. सासूबाई वाळवणाचं सूप घेऊन जात होत्या आणि टोकाची फळी मोडून त्यांचा पाय खाली गेला. तेव्हापासून डेक करणाऱ्या प्रत्येकाला मी हे सगळं बसवून सांगते.

पहिला डेक उचकटला तेव्हा फळ्या वरून टणक होत्या. खालून मात्र, जिथे त्या आडव्या लाकडांवर टेकत होत्या, तिथे भिजलेल्या पावासारख्या झाल्या होत्या. आडवी लाकडं थेट कोब्यावर ठेवलेली, त्यामुळे पाणी अडायचं आणि खालून वारा नाही. आमचे मेस्त्री होड्याही बांधतात. ते बघून एवढंच म्हणाले, "लाकूड भिजला तरी चलात, पण पाणी साचूक नये." दुसऱ्या वेळी लाकूड निवडण्यापासून स्क्रूपर्यंत प्रत्येक गोष्ट आम्ही या एका वाक्यावर तपासून घेतली.

लाकूड कुठलं घ्यावं? उघड्यावर पाऊस आणि खारा वारा झेलायला सागासारखं दुसरं मला माहीत नाही. त्याच्या अंगातच तेल असतं आणि पाणी लागल्यावर ते कमी फुगतं. मुंबईच्या गोदीत वाडियांनी १८१७ साली मलबारी सागात बांधलेलं 'त्रिंकोमाली' हे जहाज आजही इंग्लंडमधल्या हार्टलपूलला पाण्यावर आहे. ऐनाचं लाकूड मजबूत आणि स्वस्त, पण उन्हात चिरतं. आंब्याच्या फळ्या उघड्यावर वापरूच नका, वाळवी आणि भुंगा त्यांना सोडत नाहीत.

नुसतं "साग" म्हणून मागणं मात्र पुरेसं नाही. टिकतो तो सागाचा गाभा, सोनेरी-तपकिरी. सालीलगतचा फिकट पिवळसर भाग कुजतो, वाळवीही तिथूनच सुरुवात करते. लागवडीच्या कोवळ्या झाडांत, विशेषतः बाहेरून आयात होणाऱ्या बारीक ओंडक्यांत, हा फिकट भाग भरपूर असतो. वखारीत फळी पाण्याच्या फडक्याने पुसा, दोन्ही रंग लगेच वेगळे दिसतात. आमच्या पहिल्या फळ्यांत एक कड पांढरी होती. वखारवाल्याने "तेल लावलं की चालेल" म्हणून सांगितलं आणि आम्ही विश्वास ठेवला. तेलाने फक्त रंग बदलला. घरचं झाड तोडणार असाल तर साग, ऐन, किंजळ या तिन्हींना १९६४ च्या वृक्षतोड कायद्याखाली आधी परवानगी लागते आणि लाकूड हलवायला वाहतूक परवाना. विकत घेतलेल्या मालाचेही कागद मागून घ्या.

मोजणी अशी: एकशे साठ चौरस फुटांना सव्वा इंच जाडीचं साधारण १७ घनफूट लागतं. त्यातला पाव इंच रंध्याखाली जातो. पांढरी कड आणि तुकडे धरून आम्ही १९ घनफूट घेतलं. रुंद फळीचा मोह टाळा. चार इंची फळी कमी वाकते आणि पाण्याला फटी जास्त मिळतात.

खालच्या आडव्या लाकडांसाठी आम्ही गावातल्या पडलेल्या एका घराचे जुने सागवानी वासे घेतले. लाकूड इतकं मुरलेलं होतं की पीळ पडायचा प्रश्नच नव्हता. फक्त कापण्याआधी प्रत्येक वाशावरून लोहचुंबक फिरवा. आतला एक जुना खिळा करवतीचं पातं संपवतो.

नव्या फळ्या वाळल्यात का, हे स्वयंपाकघरातल्या काट्यावर कळतं. फळीच्या टोकापासून फूटभर आतून एक छोटा तुकडा कापा, वजन करा, मंद ओव्हनमध्ये शंभर अंशांवर वजन उतरायचं थांबेपर्यंत वाळवा, पुन्हा वजन करा. आमचा २३० ग्रॅमचा तुकडा २०० वर आला, म्हणजे १५ टक्के ओल. आमच्या हवेत एवढी चालते. वीसच्या वर असेल तर थांबा. फळ्यांच्या टोकांना वितळलेलं मेण लावून, मध्ये पट्ट्या घालून पडवीत रचा. आम्ही दोन महिने थांबलो.

आता पाया. इथे घाई केली तर बाकी सगळं वाया. माती बागेकडे उतरती केली, वर खडी पसरली. चार-चार फुटांवर जांभ्या चिऱ्याचे खुंट बांधले. खुंटाच्या डोक्यावर डांबरी कागदाचा जाड तुकडा, म्हणजे चिऱ्यातली ओल लाकडात चढत नाही. आडव्या लाकडाचा तळ आणि खडी यांत पुरी एक वीत जागा आहे. वारा खेळतो, आणि वाळवीने खुंटावर मातीची नळी चढवली तर वाकून दिसते. डेक घराच्या भिंतीला जोडलेला नाही, मध्ये बोटभर फट आहे. भिंतीला ठोकलेल्या लाकडामागे पाणी अडतं आणि ते दिसतही नाही.

चार बाय दोन इंचांची ही आडवी लाकडं मध्यापासून मध्यापर्यंत सोळा इंचांवर, चार इंची बाजू उभी धरून ठेवली. त्यांच्या माथ्यावर डांबरी चिकटपट्टी लावली, कारण पहिला डेक नेमका तिथेच कुजला होता. फळ्यांच्या लांबीच्या दिशेने दहा फुटांना एक इंच उतार दिला. बसल्यावर तो जाणवत नाही, पण पाणी निघून जातं.

दोन फळ्यांत पाच मिलिमीटर फट ठेवा. सगळीकडे सारखी यायला त्या जाडीचे खिळे मध्ये धरायचे. उन्हाळ्यात वाळलेली चार इंची फळी आषाढात दीड-दोन मिलिमीटर फुगते. फट ठेवली नाही तर फळ्या एकमेकींना ढकलून स्क्रू उपटतात.

स्क्रूंवर पैसे वाचवू नका. साध्या लोखंडाने सागावर काळे डाग पडतात आणि खाऱ्या हवेत चार वर्षांत डोकी तुटतात. समुद्राजवळ ३१६ दर्जाचं स्टेनलेस स्टील घ्या, ३०४ इथे गंजतं. फळी एक इंच, तर स्क्रू अडीच इंच. प्रत्येक आडव्या लाकडावर दोन स्क्रू, कडेपासून पाऊण इंच आत. आधी ड्रिलने भोक पाडल्याशिवाय एकही मारू नका, टोकाजवळ तर नाहीच, लाकूड फाटतं. स्टेनलेस मऊ असतं, जोर लावला की पिळून तुटतं. स्क्रूला मेण चोळा आणि ड्रिल हळू चालवा. जिथे दोन फळ्यांची टोकं समोरासमोर येतात तिथे खाली दोन लाकडं द्या, मध्ये फट ठेवून. पाणी सगळ्यात वेगाने टोकातून शिरतं, म्हणून साइटवर कापलेलं प्रत्येक टोक त्याच दिवशी मेणाने बंद करा.

पॉलिश किंवा व्हार्निश उघड्यावर लावू नये. उन्हाने त्याला पापुद्रे येतात, पाणी आत शिरतं आणि मग निघत नाही. जवसाचं तेल मी पहिली दोन वर्षं लावलं. पावसात त्यावर काळी बुरशी आली, म्हणून बंद केलं. आता डेकसाठी मिळणारं बुरशीरोधक तेल वर्षातून एकदा, डिसेंबरात लाकूड कोरडं असताना, पातळ हाताने लावते आणि वीस मिनिटांत जास्तीचं पुसून घेते. तेलाची फडकी गोळा करून ठेवू नका. ती आपोआप पेटू शकतात, मोकळी पसरून वाळवा. तेल नाही लावलं तर साग चंदेरी-करडा होतो, पण त्याने आयुष्य कमी होत नाही. माझ्या बहिणीला तोच रंग आवडतो.

फटींत माडाची फुलं, पानं अडकतात, ती पाऊस सुरू होण्याआधी आणि श्रावणात एकदा बोथट सुरीने काढायची. शेवाळ आलं तर सौम्य साबण आणि काथ्याचा ब्रश, हलक्या हाताने. जोराच्या पाण्याचा पंप लावू नका, तो लाकडाचा मऊ भाग उपटून नेतो. तुळशीची, अबोलीची कुंडी थेट ठेवू नका, खाली तीन चिपा द्या.

मे महिन्यात मी पालथी पडून टॉर्चने खालून बघते आणि प्रत्येक टोकाला पटाशीचं टोक लावते. रुतलं तर ती फळी बदलायची. गेल्या आठ वर्षांत दोन बदलल्या. त्याच लाकडातल्या चार फळ्या पहिल्या दिवसापासून माळ्यावर ठेवल्या होत्या, त्यातल्या दोन अजून आहेत.